इंजिनाचा रकाना

मॉडेल: मस्टँग, २००७

"बाबा, व्ही-सिक्स म्हणजे मस्टँग नाहीच. बाहेरून मस्टँग, आतून सेक्रेटरी कार!" ईशान म्हणाला. टेबलापलीकडचा सेल्समन टॉड मोठ्यानं हसला. त्याला मराठीचा गंधही नव्हता, पण 'सेक्रेटरी कार' एवढे शब्द त्याला पुरले.

राजाराम सबनीस हसले नाहीत. त्यांनी समोरचा ऑर्डर फॉर्म सरळ केला, टेबलाच्या कडेला समांतर.

एकसष्टाव्या वर्षी ते निवृत्त झाले होते. अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तयार माल तपासला आणि योग्य मापाच्या पेटीवर सही केली. मुलगा त्यांना गाडी भेट देत होता. लहानपणापासून ऐकलेली, बाबा ज्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकले ती. आठ सिलिंडरची, व्ही-एट.

रंग

"लाल," ईशान म्हणाला.

"पांढरा," राजाराम म्हणाले.

"फ्रीज आहे का तो?"

"पांढराच होता रे तिचा," शरयू पर्समधल्या डब्यातून चकली काढत म्हणाली. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ती चकली खाऊ लागली.

पांढरा.

इंजिन

(तूर्त रिकामा.)

गिअर

"ऑटोमॅटिक. माझा गुडघा," शरयू म्हणाली.

"चालवणार बाबा ना?"

"आणि मी काय मागं बसून भजनं म्हणू?"

ऑटोमॅटिक.

इंजिन

"आता हे," ईशाननं बोट ठेवलं. "व्ही-एट. तीनशे हॉर्सपॉवर."

"एवढे घोडे कशाला? वरात काढायचीय?" शरयू म्हणाली.

"आई, प्लीज. दॅट्स द होल पॉइंट. मी तर ऑनलाइन पण लिहिलंय, कंपनीनं सिक्स बंदच करायला पाहिजे. नाव एवढं मोठं आणि आत शिलाई मशीन. इट्स लाइक, खोटं बोलणं आहे ते."

राजारामांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"सहाच घेऊ," ते म्हणाले.

"का पण?"

का, ते सांगायचं तर पस्तीस वर्षांपूर्वीचं एक पत्र फाडावं लागणार होतं. पत्र आता कुठंच नव्हतं, तरीही.

पत्र (हा रकाना फॉर्मवर नाही)

१९७१. राजारामांचा थोरला भाऊ मनोहरदादा, त्याचं कोल्हापुरात गॅरेज होतं. धाकट्यानं अमेरिकेतून लिहिलं, 'मी आठ सिलिंडरची मस्टँग चालवायला शिकलो. आमच्या सुपरवायझरनं शिकवलं.' दादानं ते पत्र गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलं. येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. भिंतीवर चढलेलं पत्र मागं घेता येत नाही. मग ईशान झाला, त्याला झोपवताना तीच गाडी यायची, घुडूघुडू आवाज करत. चौथ्या वर्षी ईशान स्वतः तो आवाज काढत घरभर पळायचा.

त्या दोन वाक्यांत दोन खोट्या गोष्टी होत्या. इंजिन, आणि शिकवणारा.

इंजिन

"सांगा आता," शरयू हळूच म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

"ऑल ओके?" टॉडनं विचारलं.

"एक मिनिट," राजाराम त्याला म्हणाले आणि मुलाकडे वळले. "सेक्रेटरी कार म्हणालास ना? बरोबर आहे. सेक्रेटरीचीच होती."

"काय?"

"गाडी. सहा सिलिंडरची होती. सुपरवायझरची नव्हती, त्याच्या ऑफिसात टाइपिंग करणाऱ्या बाईची होती. डॉरथी. शिकवलं पण तिनंच."

ईशाननं फॉर्मवरचं बोट उचललं. "डॉरथी? ख्रिसमस कार्ड पाठवते ती? बूनटनची?"

"तीच."

राजाराम सांगत गेले, मापं वाचून दाखवावीत तसं, क्रमानं. पहिला हिवाळा. खोलीपासून कारखाना चार मैल, बस नाही. बर्फातून रस्त्याच्या कडेनं चालायचं, पायात पुण्याहून आणलेले बूट. तिसऱ्या दिवशी पांढरी गाडी थांबली. दोन हिवाळे ती रोज थांबली. रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिनं शिकवलं. किल्ली लावायच्या आधी म्हणायची, आधी आरसा, राज.

"मी एकदा विचारलं तिला, सगळे आठाची घेतात, तू सहाची का घेतलीस? म्हणाली, टायपिस्टच्या पगारात आठाची माझ्यासाठी नव्हतीच. कंपनीनं सहाची काढली म्हणून मी आत बसलेय. नसती काढली तर तुझ्या शेजारून चालत गेले असते."

टॉड पेनाची टोपी काढत-घालत होता.

"आणि तू," शरयू ईशानला म्हणाली, "तू जन्मलास त्या सकाळी टॅक्सीवाला आलाच नाही बर्फामुळं. तिला फोन केला. नाइटगाउनवर कोट घालून आली बाई. मी मागच्या सीटवर, डोकं यांच्या मांडीवर. गाडी अशी हळू, अशी हळू, वाटलं पोहोचेपर्यंत बारसंच होणार. पण घसरली नाही. आठाची असती तर तू खड्ड्यात जन्मला असतास."

"आई!"

"मग काय!"

ईशान हसला नाही. "म्हणजे तो घुडूघुडू..."

"आवाज खोटा होता," राजाराम म्हणाले. "गाडी खरी होती."

"मी सगळ्यांना सांगितलंय यार. कॉलेजमध्ये. नेत्राला पहिल्या डेटला सांगितलंय, माय डॅड लर्न्ड ऑन अ व्ही-एट." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "इंजिनाचं ठीक आहे. दादाकाकांसमोर शायनिंग मारली, ओके. पण तिचं नाव का काढून टाकलंत?"

याचं उत्तर राजारामांकडे तयार होतं. कोल्हापुरात बाईनं शिकवलं म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण चौतीस वर्षं चुकीच्या मापाच्या एकाही पेटीवर सही न केलेल्या माणसाला ते उत्तर पुढे करवेना.

"चूक झाली," ते म्हणाले.

शोरूमच्या काचेबाहेर रूट ४६ वरची वाहनं एकामागून एक जात होती. आत किती सिलिंडर आहेत, ते बाहेरून कळत नव्हतं.

ईशाननं फॉर्म वडिलांकडे सरकवला. "बट आय ॲम नॉट डिलीटिंग माय पोस्ट."

"नको करूस. खाली माझं उत्तर लिही. नावासकट. माझ्या आणि तिच्या."

राजारामांनी सहाच्या चौकटीत खूण केली. मग जुन्या सवयीनं शेजारी लहानशी सही केली. टॉड म्हणाला, सही इथं नाही, खाली. त्यांनी खालीही केली.

डिलिव्हरी

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी गाडी आली. शरयूनं बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं उठवली, पांढऱ्यावर ती छान दिसली. गाडी पहिल्यांदा गेली ती बूनटनला.

डॉरथी ब्याऐंशी वर्षांची. दोन वर्षांपूर्वी लायसन्स स्वतः परत देऊन आलेली. वॉकर घेऊन ती पायऱ्यांपाशी उभी होती, लिपस्टिक लावून. ईशाननं इंजिन सुरू ठेवलं होतं. तिनं मान तिरकी करून ऐकलं.

"सिक्स," ती म्हणाली.

"येस, मॅम."

"गुड. कोणीतरी शहाणं आहे घरात."

"माझी बायको," राजाराम म्हणाले.

शरयू चहाची तयारी करायला डॉरथीच्या घरात थांबली. मग राजाराम पुढची सीट वाकवून मागं शिरले, आणि त्या सीटवर डॉरथी बसली. राजारामांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. अशाच सीटवर तेव्हा शरयू आडवी होती.

"बाबा, अहो, नीट बसता येतंय का? तुम्ही चालवा ना, मी जातो मागं."

"मी आज इथंच."

ईशाननं गिअरला हात घातला. डॉरथीनं त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, सुरकुतलेली, नेलपॉलिश लावलेली.

"आधी आरसा," ती म्हणाली.

ईशाननं आरसा फिरवला. त्यात आधी मागची काच आली, मग शाळेच्या दिशेचा रस्ता. आणि एका कोपऱ्यात बाबा, टोपी मांडीवर काढून ठेवलेले.