गाडी अजून किती वर्षं ठेवणार?

"काहीतरी गोड जळतंय! आसलाउग, तुझी वाफल की माझं इंजिन?"

फेरीबोटीच्या पोटातून, लोखंडी जिन्याच्या भोकातून हा आवाज वर यायचा, आणि कॉफीच्या रांगेत उभे असलेले बेटकरी खदखदून हसायचे. ओडवार तेव्हा तिशीतला, बोटीचा मशिनिस्ट. आसलाउग वरच्या प्रवाशांच्या दालनात वाफल भाजायची, जॅम लावून हातोहात द्यायची. यंत्राचं दुखणं ओडवार नाकानं ओळखायचा. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणायचा. पार्ट मरायच्या आधी बदलावा. मेल्यावर बदलतात ते मढ्याचे कपडे.

पुढे समुद्राखालून बोगदा झाला. बोट गेली, वाफल गेली, संसारात त्या दोघांचे केस पांढरे झाले. बोगदा बेटावरून खाली खाली उतरत समुद्राच्या तळाशी जातो आणि तिथून शहराकडे असा चढतो की भरलेले ट्रक रांगू लागतात. ओडवारची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा हीच वाट होती. उतार, तळ, चढ, इस्पितळ. आणि डायलिसिस झालं की पुन्हा उतार, तळ, चढ, घर.

रुग्णांना न्यायला सरकारी टॅक्सी येते. पहिल्याच आठवड्यात ओडवार त्या टॅक्सीत ओकला, शेजारच्या बाईच्या कोटावर. घरी आला तो बूटही न काढता दाराशी बसून राहिला. तेव्हा आसलाउग म्हणाली होती, "पुढच्या वेळेपासून मीच नेईन तुला. मी आहे ना."

एका श्वासात बोललेला शब्द. तो श्वास चार हिवाळे झाले तरी सोडता येत नव्हता.

गाडी जुनी होती, लांब पाठीची, निळी. ईस्टरच्या आधी शेटिलनं ती लिफ्टवर चढवली. शेटिल म्हणजे ओडवारचा भाचा; बेटावरचं एकुलतं एक गॅरेज त्याचं.

"मामी, इकडे ये. हे बघ." त्यानं दिवा धरला. वॉटर पंपाखाली गुलाबी पापुद्रा साचला होता, जखमेवर खपली धरावी तसा. "कूलंट पाझरतंय, इंजिन गार ठेवणारं पाणी; तापलं की गोड वास मारतं. पाइप बघ, दाबले की ओल्या पावासारखे दबतात. रेडिएटर तर रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठानंच खाल्लाय. पंप मी मागवून ठेवलाय, तो काय, फळीवरचा खोका. पंपासाठी इंजिनाचा पट्टा काढायलाच लागणार, तर सगळं एकदम उरकून टाकू."

"बरं."

"फक्त एक सांग. गाडी अजून किती वर्षं ठेवणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे वर्षभरच काढायचं असेल तर पाइप तेवढे बदलतो, पाणी बघत राहा, भागेल. पाच-सात वर्षं चालवायची असेल तर सगळं नवं घालू. उगाच अर्धंमुर्धं नको."

साधा प्रश्न. जुनी गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारतो. पण आसलाउगनं दोन्ही उत्तरं मनात घोळवून पाहिली. पाच-सात वर्षं म्हणावं, तर तिला ती वर्षं समोर दिसली: बोगद्यातल्या पिवळ्या दिव्यांची न संपणारी माळ, मांडीवर धरलेली बादली, इस्पितळाच्या व्हरांड्यातली प्लॅस्टिकची कुंडी. वर्षभर म्हणावं, तर ते गाडीबद्दलचं बोलणं उरत नव्हतं. ओडवारच्या वयाला आणि हृदयाला नवं मूत्रपिंड मिळणार नव्हतं. डायलिसिसचं यंत्र आहे तोवर तो आहे, आणि गाडी आहे तोवर यंत्र.

"थांब थोडं," ती म्हणाली. "मी सांगते तुला."

"मामा माझी सालटी काढेल."

"मामाला मी बघते."

घरी येऊन तिनं ओडवारला सांगितलं, पंप अजून आला नाही.

"नाही आला?" ओडवार टेबलावर हात आपटून म्हणाला. "हा शेटिल! पंप काय चंद्रावरून मागवलाय त्यानं? आमच्या बोटीवर असता तर त्याला नांगराला बांधून पाठवलं असतं आणायला." मग उकडलेल्या बटाट्याची साल काढता काढता तो शांत झाला. पथ्यामुळे मोजून मापून मिळणाऱ्या बटाट्याचंही त्याला अप्रूप होतं. "एकदा नवा पंप बसला ना, की लाख किलोमीटर बघायला नको. माझ्यापेक्षा जास्त टिकेल बघ." आणि हसून म्हणाला, "पण फार जास्त नाही हं!"

त्याला जगायचं होतं. खडकाला शेवाळ धरून राहतं तसा तो दिवसाला धरून होता, लाटेगणिक. ते पाहून तिचा ऊर भरून यायचा, आणि त्याच क्षणी मनात पुढच्या फेऱ्यांची मोजणी सुरू व्हायची.

आजारानं त्याचं नाक नेलं होतं. जेवणालाही नुसती लोखंडाची चव लागते, म्हणायचा. मे महिन्यात एका सकाळी बोगद्याच्या चढावर तो पुढे वाकून इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे बघू लागला.

"आसलाउग, काटा जरा वर वाटतो. गोड वास येतोय का गं? माझं नाक तर मेलं. तू सांग."

वास गाडीभर होता. कितीतरी दिवस होता. उकळून उतू गेलेल्या पाकासारखा, तिच्या मफलरला, केसांना बिलगलेला.

"नाही," ती म्हणाली. "कसलाच नाही."

"मग बरं. तुझं नाक ते माझं नाक."

त्याचं मरण ती मागत नव्हती. रात्री उशीत तोंड खुपसून तिनं स्वतःलाच विचारून पाहिलं होतं, आणि उत्तर खरंच 'नाही' असं आलं होतं. तिला एक दिवस हवा होता. फक्त एक दिवस, ज्या दिवशी गाडीच म्हणेल की आज जमणार नाही, आणि तिला म्हणावं लागणार नाही. दर खेपेला किल्ली फिरवताना ती मनात म्हणे, आज. दर खेपेला गाडी चालू होई, आणि तिला आधी हायसं वाटे, मग रडू येई.

जूनमधल्या एका सोमवारी तो दिवस आला. शनिवार-रविवार डायलिसिसविना गेल्यामुळे ओडवारच्या अंगात पाणी साठलं होतं. पाय सुजून बुटाच्या नाड्या बांधता आल्या नव्हत्या. बोगद्याचा तळ ओलांडून गाडी चढाला लागली आणि काटा सरसर वर सरकला.

"हीटर फुल्ल कर!" ओडवार ओरडला. "इंजिनाची आग आत घे! खिडक्या उघड!"

तिनं हीटर लावला. भट्टीची झळ तोंडावर आली. काटा क्षणभर थबकला, मग लाल पट्ट्यात शिरला. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ उसळली आणि काच दिसेनाशी झाली. कडेच्या कोनाड्यात तिनं गाडी कशीबशी घातली.

"बंद कर. झाकणाला हात लावू नकोस, भाजशील. जा, भिंतीवरचा फोन उचल."

फोनवरची बाई सावकाश बोलत होती. बोगदा बंद करतो. क्रेन पाठवतो. पेशंट आहे? मग शहराकडून रुग्णवाहिका येतेय, त्यांना वेळेवर पोचवतील. काळजी करू नका. तुम्ही मात्र गाडीपाशी थांबा.

आसलाउग परत येऊन बसली. तिला हवा होता तो दिवस असा आला होता. समुद्राच्या पोटात, खडकातून ठिबकणाऱ्या पाण्याच्या आवाजात.

ओडवारला मात्र हसू फुटलं होतं, धाप लागेपर्यंत. "आता बोगद्याच्या दोन्ही तोंडांना लाल दिवा. मासळीचे ट्रक, शाळेची बस, पाद्रीण, सगळे उभे. संध्याकाळपर्यंत बेटभर होईल, ओडवार मशिनिस्टची गाडी गरम झाली! माझी गाडी, आसलाउग! जन्मभर लोकांना शिव्या घातल्या मी यावरून."

तिनं बाहीनं डोळे पुसले. त्यानं सुजलेला हात तिच्या हातावर ठेवला. त्या हातातून, डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडली होती तिथून, रक्ताची घरघर तिच्या बोटांना लागत होती.

"अगं, रडतेस कशाला? चूक माझी आहे. उठून बॉनेट उघडून बघायला काय झालं होतं मला? सगळं तुझ्यावर टाकलं आणि पिशवीसारखा येऊन बसत राहिलो. तू किती करशील? थांब, शेटिलला आजच फोन लावतो. पंप येईल तेव्हा येईल, तोवर तुझी गाडी आम्हाला दे, असं म्हणतो. चांगला फैलावर घेतो त्याला."

"त्याला काही बोलू नकोस."

"का नको? ईस्टरपासून एक पंप मिळत नाही म्हणजे काय? आज मला काही झालं असतं तर—"

"ओडवार."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस. लहानपणापासून तू त्याला—"

"पंप आलाय," आसलाउग म्हणाली. समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत, हात न काढता. "केव्हाच आलाय. शेटिल बसवणार होता, मीच त्याला थांबवलं. आणि वास येत होता. रोज येत होता. मी नाही म्हटलं. तू मरावंस असं नव्हतं रे मनात, खरंच नव्हतं. पण मी दमलेय, ओडवार. मला आता हे होत नाही."