रेफनीच्या सामानातला पाटा

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे, मिरची वाटण्याचा. सध्या मी जकार्ता शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहतो, पण माझा जन्म समुद्रापलीकडच्या दुसऱ्या बेटावरच्या डोंगरातला. पायाकुंबुह गावाजवळ अगाम नदीच्या पात्रात मी पडून होतो. एका पाथरवटाने मला उचलून आठवडाभर टाकी चालवली आणि माझी पाठ मधोमध किंचित खोलगट केली. माझ्याच खडकातून त्याने माझा जोडीदारही घडवला. तुम्ही त्याला वरवंटा म्हणाल. आमच्याकडे त्याला पाट्याचे पोर म्हणतात.

आम्हा दोघांना युर्नीसबाईंनी विकत घेतले. बसथांब्यासमोर त्यांची छोटी खाणावळ होती. वीस वर्षे त्यांनी रोज माझ्यावर लाल मिरची, छोटे कांदे आणि मीठ वाटले. ते वाटण तेलात परतून त्या त्यात उकडलेली अंडी घोळत. गिऱ्हाईक बोटे चाटत विचारी, "हा गुण हाताचा की पाट्याचा?" त्या म्हणत, "पाट्याचाच. हात काय, सगळ्यांना असतात." ते ऐकून मला फार बरे वाटे.

त्यांची मुलगी रेफनी माझ्याशेजारी बसून अभ्यास करी. ती पाडांग शहरात जाऊन संगणक शिकली आणि तिला जकार्तात सॉफ्टवेअर इंजिनियरची नोकरी लागली. तीन महिने तिचे काम पाहून मग कायम करणार होते. निघायच्या आदल्या दिवशी युर्नीसबाईंनी आम्हा दोघांना धुऊन पुसून तिच्या बॅगेत ठेवले.

"अमाक, हे काय?" रेफनी ओरडली. आमच्याकडे आईला अमाक म्हणतात. "मी नोकरीला चाललेय, खाणावळ काढायला नाही! तिथे मिक्सर मिळतो."

"मिक्सर मिरची कापतो, वाटत नाही. ने मुकाट्याने."

"आणि तू कशावर वाटणार?"

"माझं मी बघेन."

बसच्या कंडक्टरने बॅग उचलली आणि तो मटकन खाली बसला. "पोरी, घराचा पाया भरलायस का यात?"

"अमाकने दिलंय," रेफनी खाली मान घालून म्हणाली.

"मग काय बोलणार!" तो हसला आणि त्याने मला दोन्ही हातांनी जपून आत ठेवले. दीड दिवसाचा प्रवास होता. मध्ये बस जहाजात चढली, तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचा वास आला.

खोलीत आल्यावर मात्र माझे दिवस फिरले. लॅपटॉपचा पडदा डोळ्यांसमोर यावा म्हणून रेफनीने मला त्याच्याखाली सारले. माझे पोर दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी गेले. माझी पाठ कोरडी पडली.

पण लॅपटॉपखाली असल्यामुळे मला सगळे कळे. सोमवारी आणि शुक्रवारी ती खोलीतूनच काम करी. पडद्यावरची माणसे भराभर बोलत आणि शेवटी विचारत, "कळलं ना?" रेफनी "हो" म्हणे. पडदा मिटला की ती दोन्ही कोपरे माझ्या कडेवर टेकून डोके धरून बसे. रुग्णांना दवाखान्याची वेळ कळवणारा एक जुना प्रोग्रॅम तिच्याकडे दिला होता. काहींना एकच निरोप दोनदोनदा जात होता. का, ते कुणालाच सापडत नव्हते. विचारावे तर 'गावाकडची पोर, हिला काही येत नाही,' असे म्हणतील, ही तिला भीती. फोनवर आई विचारी, "काय जेवलीस?" ती सांगे, "मासे आणि भात." समोर असे पाकिटातल्या शेवयांचा वाडगा.

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी तिने चार ओळींचे पत्र लिहिले. नोकरी सोडते, असे. ते पाठवणार एवढ्यात अमाकचा फोन आला.

"रेफ, आज गंमत झाली. तो ट्रकवाला बुयुंग ताट सरकवून उठला. म्हणे, मिरचीत वाळू आहे."

"वाळू कुठून आली?"

"नवा पाटा घेतलाय ना. नवा दगड कचकच सोडतोच."

रेफनी ताठ बसली. "म्हणजे तुझ्याकडे दुसरा नव्हता?"

"एकच होता. तो तुझ्याकडे आहे."

"अमाक! गिऱ्हाईक तुटेल तुझं!"

"काही तुटत नाही. रोज मूठभर भिजवलेले तांदूळ वाटते नि टाकून देते. अजून करडं पाणी निघतंय. पांढरं निघायला महिना जाईल, दोन जातील. तुझ्याकडच्या पाट्याने तर नवा असताना तुझ्या बाबांचा दात मोडला होता. म्हणून काय तो नदीत टाकून आले?"

रेफनी खळखळून हसली, आणि हसता हसता रडू लागली. "अमाक, मला इथलं काम कळत नाहीये गं. आणि मासे-भात मी एकदाही खाल्लेला नाही."

मग अमाक म्हणाली, "तुझं काम मला कळणार नाही. पण ज्याला कळतं त्याला विचार. उद्याच विचार. आणि आज पोटभर जेव."

रेफनीने ते पत्र न पाठवताच लॅपटॉप बाजूला ठेवला, दाराशी पडलेले माझे पोर उचलले आणि आम्हा दोघांना धुतले. कोपऱ्यावरच्या दुकानातून मिरच्या आणल्या. तिचा हात आधी अडखळला, मग बसला. मला तर गावी परतल्यासारखे झाले.

खालून घरमालकीणबाईंचा, बू सुमार्तींचा आवाज आला, "कोण मिरची वाटतंय? अख्खं घर शिंकतंय!"

"चुकलं, बू! खिडकी उघडते!" रेफनी म्हणाली. इथे वडीलधाऱ्या बाईंना बू म्हणतात.

"खिडकी राहू दे. अंडी आहेत का? की मी घेऊन येऊ?"

दुसऱ्या दिवशी पडद्यावर तिचे वरिष्ठ मास विबी होते. मास म्हणजे दादा. रेफनीने सांगून टाकले, "मला हे काम कळत नाहीये. सहा आठवडे मी उगाच हो म्हणत होते."

मास विबी म्हणाले, "बरं झालं बोललीस. तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच सोडून गेला. आमच्यातलं कुणी त्याला हात लावायला धजत नाही. तू कुठपर्यंत वाचलंस?"

ती सांगू लागली. कुठे काय लिहिले आहे, कुठे रुग्णाचा एकच नंबर दोन ठिकाणी साठवला जातो आणि तिथून पुढचे तिला का उलगडत नाही.

"थांब, थांब! दोनदा निरोप जातात ते त्यामुळेच असणार! आणि तू म्हणतेस कळत नाही?"

पुढचे त्या दोघांनी मिळून पंधरा दिवसांत सोडवले. तिसऱ्या महिन्याअखेर रेफनी कायम झाली. आता लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके असतात आणि मी खिडकीजवळ असतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या खोलीत दूरच्या सुंबा बेटावरून एक मुलगी आली, तीही नव्या नोकरीसाठी. तीन दिवस तिचे दार बंदच होते. रेफनी वाटता वाटता थांबली, हात धुतले आणि तिने ते दार वाजवले. "मी शेजारची रेफनी. अंडी जास्त झालीत. ताट घेऊन ये."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात पडला असेल, तर त्याला साबण लावू नका. नुसत्या पाण्याने धुवा आणि कामाला लावा. आणि तुमच्या शेजारी कुणी नवे राहायला आले असेल, तर त्याचे दार वाजवा. उघडायला त्याला थोडा वेळ लागेल. तेवढे थांबा.