बोटीवरचा बाबा

एफ्रेन लक्साना हा माणूस शब्दाचा पक्का, असं त्याच्या फरशांच्या दुकानात सगळे म्हणायचे. गिऱ्हाइकाला सांगितलेल्या दिवशी माल दारात पोचणार म्हणजे पोचणारच. वेंगने त्याच दुकानात गल्ल्यावर बसून चांगली काही वर्षं काढली होती, त्यामुळे तिलाही ते खरं वाटायचं. आज लारोलँड या करमणूक बागेच्या फाटकाशी लेकीचा हात धरून उभी असताना ती मनात एवढंच म्हणत होती, देवा, आज एक दिवस याला माझ्या पोरीशी गिऱ्हाइकासारखं वागू दे.

नाताळ परवावर आला होता. फाटकावर माडाएवढा चांदणीचा कंदील लटकत होता, आणि सप्टेंबरपासून सगळ्या मनिलाच्या कानात बसलेली तीच ती गाणी भोंग्यावर चालू होती. आठ वर्षांची युमी लाल फ्रॉक घालून टाचा उंचावत होती.

"आई, निनोंग विसरले तर नसतील?"

"विसरायला ते काय म्हातारे झालेत? येतील."

निनोंग म्हणजे धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या वेळी पोराच्या बाजूला उभा राहतो तो, आणि दर नाताळात पोरं ज्याच्या हातापाया पडून भेट उकळतात तो. युमीचा निनोंग एफ्रेन होता. आणि युमीचा बापही एफ्रेनच होता. ही दुसरी गोष्ट मात्र युमीला माहीत नव्हती.

एफ्रेनला घरी बायको होती, दोन मुलगे होते. युमी झाली तेव्हा ही शक्कल त्यानेच काढली. "मी तिचा निनोंग होतो ना," तो म्हणाला. "धर्मबापाने नाताळात पोरीला भेटलं तर कोण बोट दाखवणार?" वेंगला तेव्हा वाटलं, काय डोकं आहे या माणसाचं! वेंगच्या आईने मात्र कपाळावर हात मारून घेतला. "अगं अवदसे, बापाला धर्मबाप? देवळात उभं राहून, पाद्रीबाबासमोर, तो मेणबत्ती हातात धरून सांगणार की मी हिचा बाप नाही. याहून स्पष्ट तुला आणखी काय सांगायला हवंय?" पण प्रेमात पडलेल्या बाईला शहाणपण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारी खरं बोलत होती, हे वेंगला कळायला कितीतरी नाताळ जावे लागले.

पोरीला बाप तर हवाच होता. म्हणून वेंगने तिला एक बोटीवरचा बाबा करून दिला. इथल्या निम्म्या घरांतले बाप बोटीवरच कामाला असतात, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. बोट लांब होती, तिथं फोनला रेंज नव्हती, कप्तान सुट्टी देत नव्हता. दर नाताळात वेंग सुपरमार्केटमधून चॉकलेटं आणायची आणि ती बोटीवरून आली म्हणून सांगायची. पोरगी एकेक चॉकलेट मार्चपर्यंत पुरवायची. आणि यंदा तर ती रोज अंधारात उठून चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेला, प्रार्थनेला जात होती. नाताळाआधीच्या नऊही मिस्सा चुकवल्या नाहीत तर मागितलेली गोष्ट मिळते, असं सगळेच म्हणतात. आज आठवी झाली होती. युमी काय मागत होती, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण आईला न कळण्याइतकं ते अवघड थोडंच होतं!

त्यात गेल्या महिन्यात एफ्रेनने फोनवर सांगितलं की बायकापोरांसकट तो कॅनडाला चाललाय, कायमचा. वेंग रडली नाही. ती म्हणाली, "जायच्या आधी स्वतःच्या तोंडाने तिला सांगायचं, मी तुझा बाप म्हणून. नाहीतर मी तो बोटीवाला समुद्रात बुडवून मोकळी होते. बाप दाखवा नाहीतर श्राद्ध करा. आता मधलं काही नको." मग तो म्हणाला, "सांगतो. आकाशपाळण्यात, वर गेल्यावर. तिथं आम्ही दोघंच असू. शब्द देतो."

तो आला तो टोपी खाली ओढून, डोळ्यांवर काळा चष्मा.

"ऊन कुठंय सर?" वेंग म्हणाली. दुकान सुटलं तरी 'सर' काही सुटलं नव्हतं.

"हळू बोल. ओळखीचं कुणी असेल इथं."

युमी पुढे झाली, त्याचा हात धरून तिने कपाळाला लावला. थोरामोठ्यांना करायचा तो नमस्कार तिला नीट शिकवलेला होता. "देव भलं करो," एफ्रेन म्हणाला आणि त्याने बाहुली पुढे केली. गेल्या वर्षीही हीच बाहुली होती, फक्त झगा निळा होता. युमीने तसं दाखवलं नाही. पोर गुणाची होती, नाहीतर त्याच्या तोंडावर म्हणाली असती.

दुपार तशी बरी गेली. साबणाच्या फेसाचं बर्फ पडत होतं, त्यात पोरं नाचत होती. तांदळाची गरम बिबिंका खाताना युमीची जीभ भाजली आणि एफ्रेनने तिला फुंकर घालून दिली. वेंगने ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. सांगेल हा, तिला वाटलं.

पाळण्यात बसण्याआधी सगळ्यांचे फोटो काढत होते. फोटोवाली बाई जाडजूड, हसरी, डोक्यावर हरणाची कापडी शिंगं लावलेली. "हसा हं बाप-लेक!" ती ओरडली. "अगबाई, कान तर बघा! तुमचेच कान काढून हिला लावलेत वाटतं!"

"धर्मलेक आहे माझी," एफ्रेन घाईघाईने म्हणाला.

दार लागलं. पाळणा वर गेला. वेंग खाली कठड्याला धरून उभी राहिली. तिला फक्त दोन डोकी दिसत होती, एक टोपीचं, एक लाल रिबिनीचं. अगदी वर पोचल्यावर पाळणा थांबला तेव्हा ती दोन डोकी जवळ आली. वेंगने तिथल्या तिथं क्रुसाची खूण केली. बोल बाबा, ती पुटपुटली, आता बोल.

पाळणा उतरला. युमी उड्या मारत बाहेर आली आणि फेसाच्या बर्फाकडे पळाली. एफ्रेनने वेंगच्या नजरेला नजर दिली नाही.

"सांगितलंत?"

"वर वारा होता गं. पाळणा हलत होता. ती घाबरली असती."

"ती घाबरली असती की तुमची पाचावर धारण बसली?"

"वेंग, तिचा नाताळ कशाला बिघडवायचा? मी तिकडून फोन करीन. मोठी झाली की..." त्याचा फोन वाजला. त्याने पडद्यावरचं नाव पाहिलं आणि आवाज बंद केला. "निघायला हवं. घरी माणसं जेवायला आलीयेत."

वेंगला वाटलं याची टोपी खेचावी, बोंब मारावी, सगळं लारोलँड गोळा करावं. तिच्याच्याने झालं नाही. युमी धावत आली, तिने पुन्हा त्याचा हात कपाळाला लावला, "येते निनोंग, हॅपी ख्रिसमस," म्हणाली. त्याने तिच्या डोक्यावर थोपटलं आणि तो चालू लागला. आठ वर्षांचा कारभार एवढ्यात आटोपला.

वेंग त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तो थेट फाटकाकडे गेला नाही. फोटोच्या टेबलापाशी थांबला, वाकून काहीतरी बोलला. हरणाच्या शिंगांच्या बाईने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने बोट दाखवलं, मान हलवली, पाकीट काढलं. मग तो गेला.

फोटो घेतला! या माणसाने आजवर लेकीसोबत एकही फोटो काढू दिला नव्हता, आणि आज त्याने तो विकत घेतला. वेंगचा राग विरघळला. भित्रा आहे, तिला वाटलं, पण दगड नाही. कॅनडात कुठल्यातरी कपाटात, कपड्यांच्या तळाशी का होईना, माझी पोर असेल. तिला रडू आलं आणि ते तिने येऊ दिलं.

"आई, रडतेस कशाला? मी निनोंगना बाबाचं सांगितलं," युमी म्हणाली. "म्हटलं, तुम्ही मोठे माणूस आहात, बाबाच्या कप्तानाला सांगा सुट्टी द्यायला. ते 'सांगतो' म्हणाले."

'सांगतो' म्हणाला! एरवी वेंगने त्या माणसाला शिव्याच घातल्या असत्या. पण तिच्या डोळ्यांसमोर तो वाकलेला एफ्रेन होता, पाकीट काढणारा. त्याच्याने बोलवलं नाही, तर आपण बोलावं. तिने युमीला बाकावर बसवलं.

"युमी, ऐक. बोटीवर कुणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा बाबा बोटीवर नाही. कधीच नव्हता. निनोंग आहेत ना, तेच तुझे बाबा आहेत. खरेखुरे."

युमीने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि चॉकलेटं?"

"मी आणायची."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?" ती बाकावरून उठली. "पाळण्यात आम्ही दोघंच होतो. मी त्यांना घट्ट मिठी मारली असती. मी नुसता हात कपाळाला लावला, आई. बाबांना कुणी तसं करतं का नुसतं!"

वेंगने तिला जवळ ओढलं. केसांवरून हात फिरवत म्हणाली, "ते तुझा फोटो घेऊन गेलेत, राणी. मी बघितलं. तुम्हा दोघांचा."

"खरंच?" युमीने डोळे पुसले. "मग आपणपण घेऊ. एक त्यांना, एक मला. चल ना! माझे कान आहेत ना त्यांच्यासारखे? ती बाई म्हणाली होती!" आणि ती आईला ओढत निघालीसुद्धा. ती वाटेत एकदा हसली. वेंगला ते हसू पुढे फार दिवस आठवणार होतं.

"मावशी, आमचा फोटो," युमी टेबलाला लोंबकळत म्हणाली. "लाल फ्रॉक आणि टोपीवाले. ते माझे बाबा आहेत."

फोटोवालीचं हसू मावळलं. तिने वेंगकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा वेंगकडे.

"ताई, तो नाहीये आता."

"नाहीये कसा? त्यांनी आत्ताच घेतला ना? त्याचीच दुसरी प्रत द्या."

"घेतला नाही हो. ते साहेब म्हणाले, पुसून टाका. मी दोनदा विचारलं, इतका गोड आलाय, खरंच पुसू? तर म्हणाले, माझ्यासमोर पुसा." बाईने आवाज खाली केला. "वर नाताळचे म्हणून माझ्या हातावर पैसे ठेवून गेले. मला काय माहीत, ताई?"

वेंगने युमीचे कान झाकायला हात उचलले, पण उशीर झाला होता. पोरीने सगळं ऐकलं होतं.

"या, मी तुमच्या दोघींचा काढते," फोटोवाली म्हणाली. "पैसे नकोत. नाताळ आहे."

"नको," युमी म्हणाली.

कंदील लागले होते. फाटकापर्यंत युमी आईच्या पुढे पुढे चालत राहिली. बाहुली तिने कुठे ठेवली, की मुद्दाम सोडली, कोण जाणे, हातात नव्हती. घरी नेणाऱ्या जीपनीच्या रांगेत उभी राहिल्यावर तिने आईचा हात धरला.

"आई, उद्या शेवटची मिस्सा ना?"

"हो. पण तू दमलीस. राहू दे उद्या."

"नाही, उठव मला. नक्की उठव." तिने वर पाहिलं. "मला बोटीवरचाच बाबा हवाय. तोच मागणार आहे मी."

"उठवते," वेंग म्हणाली.