हिमनदी पाहिलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या अंगावरचे काळे कातडे कडांना सोलले आहे आणि गळ्यातला पट्टा दोनदा बदलला आहे. काचा मात्र अजून स्वच्छ आहेत. त्या काचांमधून मी एकदा फार सुंदर दृश्य पाहिले. ते आठवले की आनंद व्हायला हवा, पण होत नाही. का, तेच सांगते.

देहरादूनच्या एका कारखान्यात मला घडवले. तिथून मी इंदूरच्या दुकानात आले आणि विद्युल्लताबाईंनी मला पसंत केले. बाई तेव्हा धारच्या मुलींच्या शाळेत नुकत्याच लागल्या होत्या आणि भूगोल शिकवत होत्या. घरी त्या ‘हिमनदी’ म्हणत, वर्गात हिंदीतून ‘हिमनद’ म्हणत. दोन्हीकडे तो धडा आला की त्यांचा आवाज हळू होई. फळ्यावर निळ्या खडूने त्या बर्फाचा कडा काढत आणि मुलींना सांगत, की खूप दाबाखाली बर्फातली हवा निघून जाते, म्हणून तो निळा दिसतो. चौतीस वर्षे त्यांनी हे शिकवले. बर्फ त्यांनी पाहिला होता तो फक्त रसवंतीवरचा.

दरवर्षी मांडूच्या सहलीला मी बाईंच्या गळ्यात असे. दूरवर नर्मदेची बारीक रेघ दिसायची. मुली रांग लावत आणि माझ्या काचा आपापल्या ओढणीने पुसून पुढच्या मुलीकडे देत. “बाई, सचमुच पानी दिख रहा है,” असे एखादी म्हणाली की मला फार अभिमान वाटे.

पुढे बाई निवृत्त झाल्या. घरात मोबाइल आले. फोनवर दोन बोटे फिरवली की लांबचे जवळ येते, मग मला कोण विचारणार? मी कपाटात स्वेटरांखाली गेले. माझ्या काचांवर आतून बुरशी चढली.

बाईंचा मुलगा मयुरेश पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याची बायको प्रियांका आणि मुले चिऊ आणि शौर्य, असे हे घर. दोन वर्षांपूर्वी, चिऊ नऊ वर्षांची आणि शौर्य चार वर्षांचा असताना, मयुरेशने अलास्काच्या जहाजाच्या सहलीचे ठरवले. मुलांसाठी जहाजावर घसरगुंडी, खेळघर, जादूचे प्रयोग, सगळे होते. आणि एका सकाळी जहाज थेट हिमनदीसमोर जाऊन उभे राहणार होते. आई बरोबर असली म्हणजे शौर्यकडे बघायला सोय होईल, असे तो प्रियांकाला म्हणाला. ते मी कपाटातून ऐकले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. आईला हिमनदी दाखवायची, हेही तो म्हणालाच होता.

बाईंनी त्याच महिन्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतले. किती वर्षे टाळत होत्या त्या. मग मला कपाटातून काढून त्या घड्याळे दुरुस्त करणाऱ्या गणपतकडे घेऊन गेल्या. त्याने मला उघडून पुसले आणि म्हणाला, “लो बाईसाब, अब चाँद के गड्ढे भी दिखेंगे.”

बाई म्हणाल्या, “चाँद नहीं भिया, मुझे बर्फ देखनी है.”

जहाज केवढे मोठे होते म्हणून सांगू. पण आमच्या दोन्ही खोल्या आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या होत्या. पहिले दोन दिवस बाई शौर्यबरोबर खेळघराच्या बाहेर बसून होत्या, कारण आजी दिसली नाही की तो रडायचा. बाईंची तक्रार नव्हती. त्यांचे सारे लक्ष तिसऱ्या दिवसाकडे होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे समुद्र खवळला आणि शौर्यला उलट्या झाल्या. सकाळी त्याला जरा डोळा लागला, तेवढ्यात जहाज खाडीत शिरल्याची घोषणा झाली. मुलाजवळ कोणीतरी थांबणे भागच होते.

“तुम्ही व्हा पुढे, मी आहे इथं,” बाई म्हणाल्या. “पण मला बोलवायला ये हं, मयुरेश.”

“वीस मिनिटांत येतो, आई. तू तयार होऊन बस.”

बाईंनी मला चिऊच्या गळ्यात घातले. चिऊ नाही म्हणत होती. तू बघून घे, मग मला दे, असे बाईंनी तिला समजावले.

मित्रांनो, वर डेकवर काय होते! पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि समोर डोंगरांच्या मधून उतरलेली ती हिमनदी. निळी. अगदी खडूसारखी निळी, काही ठिकाणी त्याहून गडद. चिऊने मला डोळ्यांना लावले आणि टाचा उंच करून ती बघू लागली. मी प्रियांकाला दाखवले, मयुरेशला दाखवले. शेजारी उभ्या असलेल्या एका परक्या म्हाताऱ्यालाही दाखवले.

चिऊने विचारले, “बाबा, आजीला बोलवायचं ना?”

“एक मिनिट, बेटा. तो कडा तुटेल असं सगळे म्हणतायत.” मयुरेशने मोबाइल धरून ठेवला होता. प्रियांकाही फोटो काढत होती. थोड्या वेळाने चिऊने पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा ती विचारणार, एवढ्यात कडा तुटला. आधी तो पडताना दिसला, मग गडगडाट ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिऊनेही वाजवल्या आणि आजीचे विसरली. मी तिच्या गळ्यातच होते, पण मला बोलता कुठे येते?

जहाजाने तोंड फिरवले तेव्हा मयुरेशला आठवले. तो धावत सुटला, मागोमाग चिऊ आणि तिच्या गळ्यात मी. फोन लागत नव्हता आणि लिफ्टपाशी गर्दी होती. बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. स्वेटर, त्यावर कोट, कानाला मफलर, पायात बूट. खोलीच्या उबेत त्यांचे कपाळ घामाने भिजले होते.

शौर्यला कडेवर घेऊन मयुरेश त्यांना मागच्या डेकवर घेऊन आला. चिऊने मला त्यांच्या हातात दिले. मी माझी सगळी ताकद लावली, मित्रांनो. पण जहाज वळणाच्या पलीकडे गेले होते. समोर धुके होते आणि एक करडा डोंगर. बाई बराच वेळ माझ्यातून बघत राहिल्या.

मग त्यांनी विचारले, “निळी होती का गं?”

“हो आजी,” चिऊ म्हणाली.

“असतेच ती निळी.”

मयुरेश म्हणाला, “आई, चुकलं माझं. पुन्हा येऊ आपण.” त्याने मोबाइलवरचे चित्रीकरण दाखवले. छान आलंय, असे बाई म्हणाल्या. त्या वेळी त्या बाहत्तर वर्षांच्या होत्या. पुन्हा येणे किती खरे, ते दोघांनाही कळत होते.

धारला परतल्यावर आळीतले लोक विचारायचे, कशी होती हिमनदी? बाई हसून म्हणत, फार मोठी. मयुरेश समोर असला की तो उठून आत जाई.

पावसाळ्यानंतर चिऊच्या शाळेने, म्हणजे बाईंच्याच जुन्या शाळेने, बाईंना वर्गात बोलावले. आपल्या जुन्या शिक्षिकेने हिमनदी स्वतः पाहिली आहे, तर तिच्याविषयी मुलींना सांगावे, अशी मुख्याध्यापिकेची इच्छा होती. बाई मला घेऊन गेल्या. त्यांनी निळ्या खडूने कडा काढला, दाबाचे समजावून सांगितले. मग एका मुलीने विचारले की दिसायला ती कशी असते. लोकांसमोर बाईंनी हसून वेळ मारून नेली होती, पण वर्गात उभे राहून त्यांना ते जमेना.

“मैंने नहीं देखी, बेटा,” त्या म्हणाल्या. “चिऊ ने देखी है. वही बताएगी.”

चिऊ उभी राहिली. तिने फळ्याकडे पाहिले, मग आजीकडे.

“बहुत सुंदर थी,” ती म्हणाली. “आजी नीचे बैठी थी. हम उसको बुलाना भूल गए.”

बाईंनी खडू खाली ठेवला आणि चिऊला जवळ घेतले.

त्या दिवसापासून मी चिऊकडे आहे. बाईंनीच मला दिले. “आता मला नको,” म्हणाल्या. मित्रांनो, माझ्या काचा पुसा, मला कोरड्या जागी ठेवा, हे तर मी सांगेनच. वस्तूवर बुरशी चढली तर ती काढता येते. पण कोणाला काही दाखवायचे कबूल केले असेल, तर आधी त्याला दाखवा. तुमचे बघणे थोडे राहिले तरी चालेल.