हातात न दिलेली नळी

कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर म्हणून तिचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. तोवर ती शिकली काय, तर रक्ताच्या बाटल्या आणायच्या, एक्स-रेच्या खोलीपर्यंत स्ट्रेचर ढकलायचं आणि मोठे सर राउंडला आले की मान खाली घालायची. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. अवघड पेशंट आला की ते निवासींना बाजूला सारून स्वतः पुढे होत. "बघा आणि शिका," एवढाच त्यांचा पाठ. आणि बघायला मिळे ती त्यांची पाठ!

एका दुपारी गोदामाच्या आगीतून एका हमालाला आणलं. अंग फारसं भाजलं नव्हतं, पण छातीत धूर गेला होता, आवाज घोगरा झाला होता आणि घसा आतून सुजत चालला होता. श्वासनलिकेत नळी घालायला हवी हे तिने पाहताक्षणी ओळखलं. सर परगावी गेले होते. तरुण डॉक्टर कसे घडवावेत या विषयावर त्यांचं भाषण होतं. तिने भूलतज्ज्ञ बाईंना फोन केला. पण त्या ऑपरेशन थिएटरमधून निघेपर्यंत हमालाचे ओठ निळे पडू लागले. शेवटी तिनेच नळी उचलली. नळी गेली ती अन्ननलिकेत. तिने ती तशीच बाहेर काढली आणि मास्क लावून श्वास देत राहिली. तेवढ्यात बाई धापा टाकत आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी नळी नीट बसवली. माणूस वाचला, पण अगदी थोडक्यात.

दोन दिवसांनी विभागाच्या बैठकीत सरांनी सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली. एवढं साधं काम जमत नाही, दोन वर्षं काय झोपा काढल्या का, विभागाचं नाव घालवलं, असं बरंच काही. एरवी तिने सगळं मुकाट गिळलं असतं. त्या दिवशी मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठून उभी राहिली.

"सर, या दोन वर्षांत तुम्ही एकदा तरी ती नळी माझ्या हातात दिलीत का?"

आम्हालाही कुणी हात धरून शिकवलं नव्हतं, आम्ही आमचं आमचं शिकलो, असं सर म्हणाले.

"मग तुमच्या पहिल्या पेशंटचं काय झालं, सर?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी बैठक तिथेच गुंडाळली. जाताना तिच्या उद्धटपणाबद्दल वर कळवण्याची धमकी मात्र दिली.

भूलतज्ज्ञ बाईंनी तिला जिन्यात गाठलं आणि रोज सकाळी थिएटरमध्ये यायला सांगितलं. तिथे पेशंट उपाशीपोटी, शांत झोपलेले असत आणि बाई शेजारी उभ्या असत. जबडा कसा उचलायचा, मनगट कुठे ताठ ठेवायचं, काय दिसेपर्यंत थांबायचं, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. त्याच आठवड्यात तिची नळी पहिल्या खेपेला बरोबर जागी बसली.

बाईंनी तिची पाठ थोपटली. तिला मात्र रडू फुटलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. "एवढंच होतं, मॅडम?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी तो माणूस मरणार होता?"

बाईंनी पुढच्या पेशंटसाठीची नळी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थिएटरकडे निघाली तेव्हा पहिल्या वर्षाच्या दोन्ही निवासींना तिने सोबत घेतलं. सरांना तिने विचारलं नाही.