ज्या चंबूत बुरशी नव्हती

उसाच्या चिपाडातून बुरशीच्या साहाय्याने साखर मिळवता येते, यात नवे काही नाही. संशोधक जांदिराने शोधलेली बुरशी ते काम करते का, एवढाच प्रश्न होता. साओ पाउलोच्या ऊसपट्ट्यातल्या या कारखान्याचे व्यवस्थापक लाउरेंसिनो यांना दुपारी उत्तर हवे होते. ते नकारार्थी आले, तर आवारातली तिची प्रयोगशाळेची शेड पाडून तिथे बॉयलरमध्ये जाळायचे चिपाड रचले जाणार होते. मला तपासनीस म्हणून पाठवण्यात आले होते.

सकाळचे निकाल आम्ही दोघांनी एकत्र पाहिले. बुरशी घातलेल्या चंबूत साखर जवळजवळ नव्हती. बुरशी न घातलेल्या चंबूत ती भरपूर होती.

"चिठ्ठ्या उलट्या लागल्यात," जांदिरा म्हणाली.

"हिरवा थर डोळ्यांना दिसतोय. त्याला चिठ्ठी कशाला लागते?"

"टोमणे नंतर मारा. मशीन बिघडलं असेल."

यंत्र बिघडले नव्हते. शुद्ध पाण्यात त्याने शून्यच दाखवले. नमुने पुन्हा तपासले, आकडे तेच आले. म्हणजे बुरशी साखर नाहीशी करत होती आणि चिपाड आपोआप गोड होत होते. यांपैकी एकाही विधानावर माझा विश्वास बसेना. अखेर मी उरलेल्या चिपाडाचे पोते फरशीवर ओतले. त्यातून पिळलेली लिंबे निघाली आणि अननसाची साल.

चिपाड आणून देणारे चालक ओदाइर दारातच कॉफी पीत उभे होते.

"ओदाइरभाऊ, हे चिपाड कारखान्यातलं ना?" मी विचारले.

"कारखान्यात कुठलं उरलंय, डॉक्टर? सगळं बॉयलरच्या पोटात. वीज विकतात ना. मेहुणीच्या रसवंतीवरून आणलं. चांगलं ताजं आहे."

"मेहुणी ऊस नीट पिळते का?"

"ती? एकदा चरकातून काढला की गिऱ्हाइकाशी गप्पा मारायला मोकळी."

जांदिरा खाली बसली. चिपाडात रस राहिला होता. बुरशीने तो आयता संपवला होता. आणि आयती साखर मिळाली की बुरशी चिपाड फोडण्याच्या भानगडीत पडत नाही. दुसऱ्या चंबूत रस प्यायला कोणीच नव्हते.

"म्हणजे माझी बुरशी चांगली आहे?"

"तसं म्हणता येत नाही."

"मग वाईट?"

"तसंही नाही. तिला काम पडलंच नाही."

"हे मी त्यांना सांगू?"

दुपारी तिने लाउरेंसिनोंना तेच सांगितले, काहीही न लपवता. त्यांनी आकडे वाचले.

"डॉक्टरबाई, बुरशी नाही तिथे जास्त साखर. मग बुरशी कशाला? तशीच काढा की."

"ती रसाची साखर आहे, साहेब. रस तर तुम्ही आधीच काढता."

"मग तुमची साखर कुठाय?"

"माहीत नाही."

ते माझ्याकडे वळले. "तुमचं काय मत?"

"मत नाही. या प्रयोगातून बुरशीच्या बाजूनं काही सिद्ध होत नाही, आणि विरुद्धही नाही."

"म्हणजे शेड पाडायलाही कारण नाही," ते वैतागून म्हणाले आणि निघून गेले.

"वाचलो का आपण?" जांदिराने विचारले.

प्रयोग पुन्हा करायचा होता. आम्ही चिपाडातला रस धुऊन काढायला घेतला.