श्रीमंत हरायला लागला तेव्हा

माझ्या पोटात आठ लढवय्ये राहायचे. कळ दाबली की जागे व्हायचे, एकमेकांना तुडवायचे आणि वीज गेली की जिथल्या तिथं नाहीसे व्हायचे. मी मायाप्पांचा व्हिडिओ गेमचा खोका. माझी उमेदीची वर्षं सोलापूरच्या भवानी पेठेत गेली. आता जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात सोफ्याशेजारी उभा आहे. माझी पिक्चर ट्यूब फार दिवस टिकणार नाही, असं परवाच कानावर आलं. म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. ती माझ्याशिवाय कुणी पाहिलेली नाही.

माझं अंग मुंबईच्या एका सुतारानं प्लायवूडचं बनवलं आणि डोकं परदेशातून कुठून तरी जुन्या बाजारात आलं होतं. टेम्पोतून मला सोलापुरात उतरवलं तेव्हा मायाप्पांचं सायकलचं दुकान नुकतंच बंद पडलं होतं. त्याच गाळ्यात त्यांनी मला उभं केलं, माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि मुलीला हाक मारली, "दाने, चालू कर बघू. तुझा हात लागू दे पयला."

दानेश्वरी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तिनं माझी दांडी धरली आणि एकदम डावीकडं ओढली. पडद्यावरचा टकल्या पैलवान तोंडावर आपटला. बाप-लेक इतकी हसली की रस्त्यावरची माणसं आत डोकावली.

टकल्या हे नाव पोरांनीच ठेवलेलं. त्याचं खरं नाव परदेशी अक्षरांत होतं, ते कुणाला वाचता यायचं नाही. तसाच एक दाढीवाला होता, एक भूत होतं आणि एक वेणीवाली. वेणीवाली लांब उभी राहून पेटतं चक्र फेकायची. टकल्याला तसलं काही येत नसे. त्यानं जवळ जायचं, उचलायचं आणि आपटायचं.

दानेश्वरी कॉलेजात जायला लागली तेव्हा दुपारचं व्हिडिओ गेम पार्लर तिच्याकडं आलं. मायाप्पा जेवायला घरी जायचे, ती इतिहासाचं पुस्तक मांडीवर घेऊन स्टुलावर बसायची. उन्हानं रस्ता ओस पडलेला असायचा. अशाच एका दुपारी श्रीमंत आला.

श्रीमंत जवळच्याच कारखान्यात शाळेचे गणवेश शिवायचा. वीस वर्षांचा, उंच, खिशाला कायम दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं. बोलताही येत नसे, पण समोरच्याचे ओठ वाचून त्याला सगळं कळायचं. लिहिता-वाचताही येई. जेवणाच्या सुट्टीत तो डबा पाच मिनिटांत संपवायचा आणि उरलेला वेळ माझ्यासमोर उभा राहायचा.

काय खेळायचा म्हणून सांगू! आवाज ऐकून सावध होणारे खेळाडू मी पाहिले होते. श्रीमंतला आवाज नव्हताच. वेणीवालीचा खांदा जरा हलला की याचा टकल्या हवेत उडी घेऊन तयार. चक्र पायाखालून जायचं आणि टकल्या तिच्या डोक्यावर उतरायचा. पेठेतली पोरं महिनाभर त्याच्याकडून मार खात राहिली. मग एका दुपारी गाळ्यात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा दानेश्वरीनं पुस्तक मिटलं, येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि वेणीवाली घेतली.

पहिल्या दिवशी ती सात वेळा हरली. सातव्यांदा हरल्यावर त्याच्याकडं तोंड करून, ओठ नीट हलवत म्हणाली, "उद्या ये. सोडणार न्हाय तुला."

तो रोज येऊ लागला. त्या दोघांचं बोलणं माझ्याच दांड्यांनी व्हायचं. ती चिडलेली असली की चक्रावर चक्र फेकायची. तो खुशीत असला की टकल्याला उगाच जागच्या जागी नाचवायचा. यात दुसरं काही होतं का, मला विचारू नका. मी खेळाचा खोका, मला खेळ कळतो. इतकं खरं की तिला हरवल्यावर तो कधी हसला नाही, आणि आठ महिन्यांनी ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा गाळाभर नाचला तो श्रीमंत.

पुढच्या चार-पाच महिन्यांत त्यांचा खेळ बरोबरीला आला. आणि मग श्रीमंत हरायला लागला.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. माझ्यासमोर जो उभा राहतो त्याची पाठ सगळ्यांना दिसते. तोंड फक्त मला दिसतं. शेजारी उभी असलेली दानेश्वरीसुद्धा माझ्याकडंच बघायची, त्याच्याकडं नाही.

मला दिसायचं की श्रीमंत आता मान वळवायला लागलाय. माझी काच ती केवढीशी! बाकीच्यांचे डोळे तिच्यावर जागच्या जागी भिरभिरायचे. याला मात्र डावीकडचा टकल्या बघायचा तर मान डावीकडं न्यावी लागे, आणि वेणीवाली बघायची तर उजवीकडं. तो डावीकडं बघत असला की उजवीकडून चक्र सुटायचं आणि ते त्याला दिसायचंच नाही. दोघं पडद्याच्या मधोमध गुंतली की तो पहिल्यासारखाच भारी होता. ती लांब गेली की तो हरायचा.

आणखीही काही होतं. कधी कारखाना सुटल्यावर आलाच, तर अंधार पडायच्या आत तो लगबगीनं निघून जायचा. एकदा पायाजवळच्या स्टुलाला अडखळून पडला तेव्हा दानेश्वरी हसून म्हणाली, "आभाळात बघून चालतोस व्हय रे?" तोही हसला. पण पडल्या पडल्या त्यानं माझ्याकडं बघितलं, ते तोंड भेदरलेलं होतं. डोळ्यांचा काही आजार असतो, मधलं दिसत राहतं आणि बाजूचं जातं, हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं? शिलाईच्या सुईपुढचं त्याला लख्ख दिसत होतं. त्याला वाटलं असेल, थकवा आहे, जाईल.

त्या जानेवारीत मायाप्पांनी मला गड्ड्याच्या जत्रेत नेलं. पाळण्यांच्या शेजारी पत्र्याचा स्टॉल टाकला आणि स्पर्धा लावली. दोन दिवस पोरांची झुंबड उडाली. शेवटच्या डावात उरले दानेश्वरी आणि श्रीमंत. दिवेलागण झाली होती. डोक्यावर मोठाले दिवे, त्यांचा झगमगाट माझ्या काचेवर, मागं शंभरेक माणसं. तिनं केसांना रिबन बांधली होती. ती जिंकायलाच आली होती, आणि सगळ्यांसमोर.

डाव सुरू झाला. वेणीवाली लांब गेली आणि चक्र सुटलं. टकल्या उभाच. दुसरं चक्र, तिसरं. श्रीमंतची मान इकडून तिकडं होत होती, कपाळावरून घाम गळत होता. टकल्यानं एकदाही उडी घेतली नाही. दोन्ही फेऱ्या मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पोरीला जिंकवलास की बे!" आणि सगळा स्टॉल खदखदून हसला.

दानेश्वरीचं तोंड उतरलं. ती श्रीमंतकडं वळली. "मुद्दाम हरायलास व्हय? माझी कीव करायलास? दोन वर्सं खेळलो आपण, त्याची ही किंमत केलीस?"

श्रीमंत जोरजोरात मान हलवत होता. त्यानं तिच्याकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडं, आणि दोन्ही हातांच्या मुठी पोकळ करून नळ्यांसारख्या डोळ्यांना लावल्या. पुन्हा तिच्याकडं बोट. पुन्हा डोळे.

तो सांगत होता, तू लांब गेलीस की मला दिसत नाहीस. मी ते समजलो, कारण मी वर्षभर त्याचं तोंड बघत होतो. गर्दीनं मात्र वेगळंच घेतलं. "दुर्बिणीतनं बघतोय बे तिला!" शिट्ट्या सुरू झाल्या. दानेश्वरी लाजेनं लाल झाली. "परत माझ्यासमोर उभा ऱ्हाऊ नको," ती म्हणाली, आणि त्याला वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा सुटा म्हणाली.

माझ्या आत दोन स्पीकर होते. त्यांतून आठ जणांच्या किंकाळ्या निघायच्या. एक शब्द तेवढा निघाला नाही.

शिट्ट्या मायाप्पांनीही ऐकल्या होत्या. माणूस वाईट नव्हता, पण चार लोकांत बसणारा-उठणारा होता. "साकु! पुरे झालं आता पार्लर," कानडी-मराठीत एवढंच ते घरात म्हणाले. दानेश्वरीचं दुपारचं येणं बंद झालं. श्रीमंत दोनदा दाराशी येऊन उभा राहिला, दोनदा त्याला माघारी पाठवलं. दुसऱ्यांदा त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता. मायाप्पांनी तो न उघडता फाडला. त्याच उन्हाळ्यात दानेश्वरीचं लग्न झालं. मुलगा रेल्वेत, जेऊरच्या स्टेशनवर नोकरीला. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहून गेलं.

नंतर माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले, सायबर कॅफे आले, मग मोबाइल आले. माझ्याकडं कुणी फिरकेना. मला घराच्या मागच्या खोलीत ढकललं, अंगावर ज्वारीची पोती रचली. तिथं मी वीस वर्षं काढली. मायाप्पा गेल्याचं मला घरातल्या रडण्यावरून कळलं.

गेल्या वर्षी ते घर रिकामं करताना पोती हलली आणि समोर दानेश्वरी उभी! केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. शेजारी तिची पंधरा वर्षांची मुलगी श्रावणी. "आई, हे भंगारात नाही द्यायचं हं," श्रावणी म्हणाली. जेऊर सोडून ती आता जुळे सोलापुरात राहायला आली होती, अशा रीतीनं मीही तिथं आलो. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शिवलिंगप्पांनी आठवडाभर खपून मला जागं केलं.

श्रावणीकडं नवा लढाईचा गेम आहे. समोरच्या मोठ्या टीव्हीवर ती तो खेळते आणि मी कोपऱ्यातून बघतो. खोटं कशाला बोलू, थक्क होतो. त्या लढवय्यांच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो.

"तुझ्यात आठच जण? आमच्यात बत्तीस आहेत," ती आईला म्हणाली.

"आठ पुरायचे की गं. आठांची खोड न् खोड म्हाईत होती."

"आणि समोर कोण असायचं?"

"समोर न्हाय, शेजारी. कोपराला कोपर लागायचा." दानेश्वरीनं टीव्हीकडं बोट दाखवलं. "तुझ्या समोर कोण हाय आता?"

"काय माहीत! गुवाहाटीचा आहे कुणीतरी. हरायला लागला की पळून जातो."

"मग भांडतीस कुणाशी?"

"भांडायचं कशाला? ब्लॉक करायचं."

डाव संपला आणि टीव्हीवर एक पान उघडलं. लांबून आलेले वार किती, त्यांतले चुकवले किती, मार कुठल्या बाजूनं बसला, सगळं आकड्यांत. "हे बघ, मी कुठं कमी पडते ते हे सांगतं," श्रावणी म्हणाली. मी त्या पानाकडं बघत राहिलो. असलं एक पान, फक्त एक, मला त्या जत्रेत दाखवता आलं असतं तर!

जूनमध्ये दानेश्वरी भवानी पेठेतल्या त्याच कारखान्याच्या दुकानात श्रावणीचा गणवेश आणायला गेली, ती रिकाम्या हातानं परतली. सोफ्यावर बसून श्रावणीला म्हणाली, "दुकानदाराला सहज विचारलं, श्रीमंत म्हणून एक कारागीर होता, हाय का अजून? तर म्हणाला, त्याचे डोळे गेले की. एकदम न्हाय, हळूहळू. आदी रात्रीचं, मग बाजूचं, मग सगळंच. जन्माचं बहिरेपण आणि हे, दोन्ही एकाच आजाराचं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. ऐन विशीतच सुरू झालं होतं."

श्रावणी क्लासला गेल्यावर ती माझ्यापाशी आली. मला चालू केलं आणि डावीकडं उभी राहिली, त्याच्या जागी. दोन्ही मुठी पोकळ करून डोळ्यांना लावल्या. टकल्या दिसला. उजव्या टोकाची वेणीवाली त्या नळ्यांत मावेना.

त्या दिवशी दानेश्वरीचं तोंड मी पाहिलं. ती खाली फरशीवर बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

पुढच्या रविवारी ती पत्ता काढून त्याच्या गावी, कुंभारीला गेली आणि श्रीमंतला घेऊन आली. सोबत त्याची बायको सावित्रम्मा होती. श्रीमंत वाकला होता, हात मात्र तसेच लांबसडक. सावित्रम्मा त्याच्याशी तळहातावर बोटानं अक्षरं काढून बोलायची. म्हणाली, "तुमीच लिवा ताई. म्या मदी कशाला?"

दानेश्वरीनं त्याचा हात हातात घेतला. "दा" काढलं आणि थांबली. त्यानं मान हलवली, ओळखलं म्हणून. मग स्वतःशी पुटपुटत तिनं लिहिलं, "मला कळलं नाही. चुकले."

मग त्यानं तिचा तळहात पालथ्याचा उताणा केला आणि सावकाश एकेक अक्षर काढत गेला. ती मोठ्यानं वाचत होती, म्हणून मला कळलं.

"ह... र... लो... हो... तो. खरंच."

थोड्या वेळानं आणखी लिहिलं. "तू जिंकलीस."

दानेश्वरीला पुढं काही लिहिता आलं नाही. सावित्रम्मानं तिला जवळ घेतलं. श्रीमंत हात पुढं करून बसला होता, उत्तराची वाट बघत. या खोलीत काय चाललंय, कोण रडतंय, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. शेवटी श्रावणीनंच पुढं होऊन त्याच्या हातावर लिहिलं, "आई रडतेय." त्यानं वाचलं आणि बोटं मिटून घेतली.

त्याला दिवाळीनंतर परत आणायचं ठरलं होतं. तो आला नाही. अंथरुणाला खिळलाय, असं सावित्रम्मानं फोनवर सांगितलं. दानेश्वरी दर पंधरवड्याला कुंभारीला जाते, त्याच्या हातावर काय काय लिहून येते. परत आल्यावर माझ्यावरची धूळ पुसते, पण मला चालू करत नाही.

परवा शिवलिंगप्पा म्हणाले, "ह्याची ट्यूब आता कुटंच मिळत न्हाय ताई. एक दिवस अशीच जाईल." जाऊ दे. लाकूड आहे, काच आहे, मोडायचंच. मला त्याचं वाईट वाटत नाही. एका माणसाचं खरं मी सव्वीस वर्षं पोटात घेऊन उभा राहिलो आणि मला ते बोलता आलं नाही, एवढंच वाईट वाटतं. माझं सोडा. तुमच्यापैकी कुणाचा जोडीदार एके दिवशी असाच विनाकारण हरायला लागला, तर रागावण्याआधी त्याला विचारा. तुम्हांला तोंड आहे.